दोन कोऱ्या वाट्या

लसीच्या डब्यातला बर्फ वहिनीनं काढला, म्हणून लस मेली, म्हणून गोठा बसला, असं सगळ्या नात्यागोत्यात ठरून गेलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. दोष बर्फाचा नव्हता आणि वहिनीचा तर मुळीच नव्हता. तो कुठं होता हे घरातल्या एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलं होतं. ते माणूस म्हणजे वहिनीची धाकटी नणंद.

आता नणंद म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढं जे येतं, तसली ही नव्हती. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा ही शाळेत जात होती, आई नव्हती, आणि वेणी घालायची म्हटली तर दादा दोरखंड वळल्यासारखी घालायचा. वहिनीनं पहिल्याच आठवड्यात ते काम त्याच्याकडून काढून घेतलं. पुढं कॉलेजचा प्रश्न आला तेव्हा दादा म्हणाला, पुरे झालं शिक्षण, गोठ्यात हात कमी पडतात. वहिनी म्हणाली, "हात मी देते दोन जास्तीचे. ही शिकली तर आपल्याच गाईंच्या उपयोगी पडेल." आणि खरंच दिले तिनं, पहाटेची धार स्वतःकडं घेऊन. त्या जास्तीच्या हातांवर ही पोरगी शिकली आणि जनावरांच्या लसी करणाऱ्या सरकारी संस्थेत लागली. दादा तेव्हापासून चिडवायला म्हणून तिला डॉक्टरीणबाई म्हणायचा, पण चारचौघांत म्हणताना त्याची छाती फुगायची.

तिचं काम लाळ-खुरकताच्या विषाणूवर. हा रोग झाला की गाईच्या तोंडात आणि खुरांत फोड येतात, लाळ गळते, दूध आटतं, आणि लहान वासरं तर फोड यायच्या आधीच काळीज थांबून पडतात. लस आहे, पण हा विषाणू मोठा लबाड. आज एक अंगरखा, उद्या दुसरा. लस एका अंगरख्याची ओळख करून देते आणि हा बेटा दुसराच घालून दारात उभा राहतो. म्हणून गोठ्यागोठ्यांतून आलेला विषाणू लसीतल्या विषाणूशी जुळतो की नाही, हे सारखं ताडून बघावं लागतं. ते बघायचं काम तिचं.

बघायचं ते मोनोक्लोनल अँटिबॉडींनी. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. समजा एखादी गाय हरवली आणि ती ओळखायला आठ जणी बोलावल्या. एकीला फक्त शिंगाचा बाक कळतो, दुसरीला फक्त कपाळावरची चांदणी, तिसरीला शेपटीचा गोंडा. प्रत्येकीला एकच खूण माहीत, बाकी गाय गेली खड्ड्यात. या अँटिबॉडी तशा. एकेक बाटली म्हणजे एकाच पेशीचा वंश, त्यामुळं बाटलीतली प्रत्येक अँटिबॉडी एकच खूण ओळखणार. प्लास्टिकच्या तबकात बारीक वाट्या असतात, वाटीत विषाणू, त्यावर अँटिबॉडी. तिला आपली खूण सापडली तर वाटी पिवळी होते. नाही सापडली तर वाटी कोरी.

या कामाला एक नियम होता आणि तो मोडला तर नोकरी जायची. विषाणूच्या खोलीत गेलेल्या माणसानं डोक्यावरून आंघोळ करून बाहेर यायचं आणि पुढं आठवडाभर खुराच्या कुठल्याही जनावराजवळ फिरकायचं नाही. केसांत, नाकात हा विषाणू बसून येतो. त्यामुळं ज्या गाईंच्या जिवावर शिकली त्या गाईंना हात लावायची तिला चोरी झाली. सलग सुट्टी मिळाली आणि घरी बसून आठवडा भरला, तरच माहेरी. एरवी जाणं झालंच तर फाटकाबाहेर. फाटकाजवळ जंतुनाशकाचं घमेलं असायचं, त्याच्या अलीकडं ती उभी, पलीकडं वहिनी. दोघी तिथंच तासन् तास गप्पा मारायच्या. दादा म्हणायचा, "तुरुंगात भेटायला आल्यासारख्या काय उभ्या राहता?"

तर त्या हंगामात लांबच्या एका गोठ्यातून नमुना आला. तिनं नेहमीसारखं तबक लावलं. सहा वाट्या पिवळ्या आणि दोन कोऱ्या. पुन्हा लावलं, नव्या बाटल्या उघडल्या. त्याच दोन कोऱ्या. आणि त्या दोन म्हणजे साध्यासुध्या नव्हेत. बाकीच्या सहा जणी विषाणूला नुसत्या जाऊन चिकटतात. त्याला अडवून धरायची ताकद या दोघींतच. त्या दोघींची खूणच या विषाणूवर उरली नव्हती. म्हणजे लस टोचलेल्या गाईनं या विषाणूला ओळखलं असतं, पण रोखलं नसतं.

तबक घेऊन ती साहेबांकडं गेली. साहेबांना सगळी संस्था पाठीमागं बघूसाहेब म्हणायची, कारण आग लागली सांगितलं तरी ते "बघू" म्हणायचे.

"सहा पिवळ्या, दोन पांढऱ्या," बघूसाहेब चष्मा वर करून म्हणाले. "बहुमत आपलं आहे."

"साहेब, हे मतदान नाही. विषाणूला अडवतात त्याच दोघी गप्प आहेत."

"नमुना अशक्त असेल. वाढवा थोडा आणि परत लावा. बघू."

आता इथं घोडं पेंड खातं. विषाणू वाढवायचा म्हणजे बाटलीतल्या पेशींवर सोडायचा. एका बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. एक-दोनदा ठीक. पण त्याच त्या बाटल्यांत फिरवत राहिलं की गोठ्यातला विषाणू गोठा विसरतो. बाटलीत ज्यांना सुखानं नांदता येतं तेवढेच टिकतात, बाकीचे मरतात. आणि लसीतला विषाणू तरी कोण? वर्षानुवर्षं त्याच पेशींवर, त्याच बाटल्यांत नांदलेला. दोघं एका वळणाचे झाले तर नवल कसलं? सासरी वीस वर्षं काढलेल्या दोन जावा चालण्या-बोलण्यात सारख्या होतात, म्हणून त्या सख्ख्या बहिणी होत नाहीत.

हे तिला माहीत होतं. शिकाऊ मुलांना ती स्वतः हेच शिकवायची की नमुना जुळत नसेल तर जुळेपर्यंत वाढवू नका. आणि तीच बाटल्या बदलत राहिली. दोन बदलल्या, वाट्या कोऱ्या. बघूसाहेब म्हणाले, अजून वाढवा. चार बदलल्या, कोऱ्याच. अजून वाढवा. सातव्या बाटलीनंतर दोन्ही वाट्या पिवळ्या झाल्या. फिक्या, आजारी माणसाच्या डोळ्यांसारख्या, पण पिवळ्या.

"झालं ना?" बघूसाहेब म्हणाले. "उगाच जीव खालीवर केलात."

"साहेब, हा तो विषाणूच राहिलेला नाही. पहिल्या नमुन्यावर जायला हवं."

मग त्यांनी तिला बसायला सांगितलं. ते कधी कुणाला बसवायचे नाहीत. म्हणाले, "समजा जाहीर केलं की जुळत नाही. नवी लस करायला किती काळ जाईल हे तुम्हाला माहीत आहे. तोवर लोक हीही टोचणार नाहीत. काही नसण्यापेक्षा हे बरं की वाईट? आणि विभागप्रमुखाची जागा रिकामी होते आहे. तिथं डोकं शांत ठेवणारं माणूस लागतं."

पहिलं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून दुसरं गिळायला सोपं गेलं. ती घरी गेली आणि स्वतःला पहिलंच कारण सांगत राहिली. निकाल 'समाधानकारक जुळणी' म्हणून गेला. साहेबांना नावं ठेवायची तेवढी ठेवा, पण बाटल्या फिरवणारे हात हिचे होते.

पुढच्याच महिन्यात दादाचा फोन आला. "डॉक्टरीणबाई, तुमची लस आलीय. टोचून घ्यायची ना? आणि पलीकडच्या बाजारातून चार गाई आणाव्यात म्हणतोय. तिकडं रोग आहे असं कानावर येतंय, पण आपल्याला लस असल्यावर काय?"

तिनं म्हणायचं होतं, दादा, फाटक लावून घे, बाहेरचं एक खूर आत येऊ देऊ नकोस. कुणाचं नाव न घेताही म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "हो, टोचून घे." गाईंबद्दल ती काहीच बोलली नाही, आणि दादानं त्याचा अर्थ हो असा घेतला. कोणीही घेतला असता.

लसीच्या कुप्या बर्फाच्या डब्यातून आदल्या संध्याकाळी घरी आल्या. डॉक्टर सकाळी यायचे होते. त्याच संध्याकाळी एका गाईनं दादाच्या पायावर पाय दिला. पाऊल पावासारखं फुगलं. दादा कळवळत ओट्यावर बसला आणि घरात बर्फ नाही. वहिनीनं लसीचा डबा उघडला, वरचा मूठभर बर्फ काढला, झाकण लावलं आणि फडक्यात गुंडाळून त्याच्या पायाला शेकत बसली. डब्यात बर्फ काठोकाठ होता. सकाळी डॉक्टरांनी कुप्या बाहेर काढल्या तेव्हा त्यांची बोटं बधिर झाली. लस टोचून झाली. दादानं बाजारातून गाई आणल्या.

आणि मग गोठा बसला. आधी नव्या गाई लाळ गाळायला लागल्या, मग जुन्या. वासरं तर दूध पिता पिताच पाय ताठ करून पडली. वहिनी एकेकाच्या तोंडाला तोंड लावून श्वास देत बसली होती, असं शेजारी सांगतात. एकही वाचलं नाही. मोठ्या गाई जगल्या, पण उभं राहवेना, दूध गेलं ते गेलं.

चौकशीला संस्थेची दोन माणसं आली. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, लस थंड ठेवली होती का. दादा म्हणाला, होय. वहिनी सरळ बाई, ती म्हणाली, "मूठभर बर्फ मी काढला होता पायाला लावायला." त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांना हवं ते मिळालं होतं. लस उत्तम, ठेवणाऱ्यानं मारली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं झालं. फरक इतकाच की वहिनी खरं बोलली होती.

त्या दिवसापासून दादा वहिनीशी बोलायचा बंद झाला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता गप्प झाला. ताट वाढलं की जेवायचा, पाणी स्वतः उठून घ्यायचा. ज्या पायाला तो बर्फ लावला होता तो पाय बरा होऊन त्याच पायानं तो तिच्यासमोरून निघून जायचा. सासरची माणसं यायची, चुकचुकायची, आणि म्हणायची, बायकांना कशाचं गांभीर्य नसतं.

इकडं दादाच्या गाईंचे नमुने फिरत फिरत प्रयोगशाळेत आले, आणि कोणाच्या टेबलावर यायचे? नणंदेच्याच. या वेळी तिनं बाटल्याबिटल्या काही फिरवल्या नाहीत. गाईच्या तोंडातून आलं ते थेट तबकावर लावलं. सहा पिवळ्या. दोन कोऱ्या. मग तिनं मोरीत जाऊन तोंड धुतलं, आणि तबक बघूसाहेबांपुढं नेऊन ठेवलं.

त्यांनी पाहिलं. या वेळी ते बघू म्हणाले नाहीत. म्हणाले, "नव्या लसीचं काम सुरू करू. गाजावाजा नको. मागचं उकरून कोणाचं भलं होणार आहे?"

कोणाचं भलं होणार होतं, ते तिला नावानिशी माहीत होतं. ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर वहिनी एकदा तिच्या घरी आली. एकटी, न कळवता. लोण्याचा डबा घेऊन आली, कारण रिकाम्या हातानं यायची तिला सवय नव्हती. ते लोणी विकत आणलेलं होतं. स्वयंपाकघरात खुर्चीच्या कडेवर टेकली, इकडचं तिकडचं बोलली, मग ओट्यावरचा कप उगाच सरळ करत म्हणाली, "तू त्यातली आहेस म्हणून विचारते. मूठभर बर्फ काढला तर लस मरते का गं?"

नणंदेची पाठ होती तिच्याकडं. चहा उकळत होता. एका शब्दाचं काम होतं. 'नाही' म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न होता, मग कशानं झालं, आणि त्याच्या पुढचा, तुला कधीपासून माहीत.

"तसं सांगता येत नाही वहिनी," ती म्हणाली.

"म्हणजे मरूही शकते."

"सांगता येत नाही."

वहिनीनं मान हलवली. चहा अर्धा पिऊन ठेवला. जाताना तिनं नणंदेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळलीस. खात जा." नणंदेला वाटलं या बाईनं आपल्या थोबाडीत मारली असती तर सोसलं असतं.

यथावकाश नवी लस आली. कुप्यांवर 'सुधारित' असं छापलं होतं. जुनी जुळत नव्हती असं कुणी म्हटलं नाही, झाकली मूठ. संस्थेत चहा-बिस्किटं झाली, बघूसाहेबांनी भाषण केलं, आणि विभागप्रमुखाच्या खोलीच्या किल्ल्या टाळ्यांच्या गजरात नणंदेच्या हातात दिल्या. म्हणाले, विषाणूच्या बदलाची नोंद सर्वांत आधी यांनी घेतली. ते खरं होतं. त्या भाषणातलं तेवढं एकच वाक्य खरं होतं. सगळ्यांत आधी माहीत होतं म्हणून टाळ्या. तिनं बिस्कीट बशीत परत ठेवलं आणि रजा टाकली.

नियमाप्रमाणं आठवडाभर ती घरात बसून राहिली. रोज वाक्यं जुळवायची, रोज मोडायची. आठवडा भरल्यावर माहेरी गेली.

फाटकाशी पोचली तेव्हा घमेलं कोरडं होतं, तळाला पालापाचोळा. सवयीनं ती त्याच्या अलीकडं थांबली. दादा ओट्यावर बसून जुनी चऱ्हाटं उसवत होता. वहिनी अंगणात सुपात धान्य निवडत होती. तिनं जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "दादा, बर्फानं काही झालं नव्हतं. लसच त्या विषाणूची नव्हती. टोचली तेव्हा थंडगार होती आणि तरी उपयोगाची नव्हती. वहिनीचा काही दोष नाही."

दादाचे हात थांबले. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. चाचणी माझी होती."

"कधी कळलं?"

"लस टोचायच्या आधी."

"मी फोन केला तेव्हा?"

"तेव्हा माहीत होतं."

दादानं हातातलं चऱ्हाट मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "नुसतं गाई आणू नकोस म्हणाली असतीस तरी पुरलं असतं गं." आवाज चढला नव्हता. त्यानं बायकोकडं बघायला मान वळवली, ती अर्ध्यातच राहिली. आपल्याच पावलाकडं बघत तो म्हणाला, "चहा टाक जरा हिला." कित्येक महिन्यांत तो वहिनीशी बोलला ते एवढंच. माफी मागायला बसला असता तर त्याला शब्द सापडले नसते, म्हणून चहा. वहिनी उठली नाही. तिनं सूप खाली ठेवलं. दादा चऱ्हाट टाकून घरामागं निघून गेला.

"तुझ्या घरी विचारलं होतं मी," वहिनी म्हणाली.

"हो."

"तू म्हणालीस सांगता येत नाही."

"हो, वहिनी."

"मी त्या दिवशी घरी येऊन कबूल केलं. यांच्यापुढं, तुझ्या मोठ्या काकांपुढं. म्हटलं, माझ्याच हातून मेली लस, माझ्याच हातून वासरं गेली." ती सावकाश बोलत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. "तोवर मला आतून वाटत होतं, मूठभर बर्फानं काय होतंय. पण तू नाही म्हणाली नाहीस. म्हटलं, ही शिकलेली, हिला नक्की माहीत असणार. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून सरळ हो म्हणत नसेल."

"मी सगळ्यांना सांगते. काकांना, सगळ्यांना. लेखी देते पाहिजे तर."

"दे," वहिनी म्हणाली. "वरातीमागून घोडं."

नणंद रडायला लागली. वहिनीनं ते पाहिलं. एरवी ती धावत आली असती, पदरानं डोळे पुसले असते, त्या पदराचा वास नणंदेला अजून आठवत होता. या वेळी ती धान्यातले खडे वेचून संपेपर्यंत बसली. मग सूप कमरेला लावून उठली आणि तेव्हा तिचं लक्ष गेलं की नणंद अजून घमेल्याच्या अलीकडंच उभी आहे.

"तिथं कशाला थांबलीस?" ती म्हणाली. "गाई विकून किती दिवस झाले. ये की आत. आता तुझ्यामुळं बाधा व्हायला इथं कुणी नाही."